चषक एक, कान दोन, सुस्थितीत

एकतीस वर्षांत माझ्या भांडारातून एक टाचणीसुद्धा हरवलेली नाही. ही बढाई नाही. बढाईच मारायची असती तर टाचण्यांचा आकडा सांगितला असता, तोही मला पाठ आहे.

मी एका कॉलेजात भांडारपाल होतो. बाकं, खुर्च्या, परीक्षानळ्या, झाडू, तास संपल्याची घंटा, जे जे कॉलेजात आहे ते माझ्या रजिस्टरात होतं आणि जे रजिस्टरात आहे ते कॉलेजात होतं. इतकी सोपी गोष्ट आहे, पण चार-चार पदव्या घेतलेल्या प्राध्यापकांना ती समजत नाही. त्यांना वाटतं, खुर्ची ही बसण्यासाठी असते.

माझा नियम एकच. वस्तू माझ्या टेबलावर आली की संध्याकाळच्या आत तिच्या तळाशी पांढऱ्या तैलरंगाने क्रमांक पडणार आणि रजिस्टरात तिची नोंद होणार. एकदा प्राचार्यबाईंचा जेवणाचा डबा चुकून टेबलावर राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना तो लेखी अर्ज करून, सही करून न्यावा लागला. अजूनही तो डबा त्या दर वर्षी तपासणीला आणून दाखवतात. बाई शिस्तीच्या आहेत, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझ्या आधी याच टेबलावर माझे सासरे बसत. भला माणूस, पण निवृत्त होताना त्यांच्या रजिस्टराच्या शेवटच्या पानावर शेरा पडला: 'स्टूल एक, लाकडी, तूट.' ते स्टूल कुठे गेलं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. मी मात्र त्याचा विसर पडू दिला नाही. घरात चमचा सापडेना झाला की मी बायकोला म्हणायचो, "बघ, त्या स्टुलाशेजारी असेल." रुमाल सापडेना, स्टुलाशेजारी. चावी सापडेना, स्टुलाशेजारी. तीस वर्षं! ती बिचारी कधी उलटून बोलली नाही. फक्त एवढंच म्हणायची, "तुमचीही निवृत्ती येईल की."

तर ती निवृत्ती यंदा होती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तपासणी समिती बसणार, एकेक वस्तू बघणार आणि माझ्या शेवटच्या पानावर लिहिणार: 'तूट नाही, वाढ नाही.' ते पान घरी नेऊन बायकोपुढे धरायचं, एवढी एकच इच्छा उरली होती. आणि ती कशामुळे धोक्यात आली? फुटबॉलमुळे.

झालं असं की, आदल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. जिंकली म्हणजे काय, समोरच्या संघातल्या एका पोराने घाईघाईत चेंडू आपल्याच जाळ्यात मारला आणि सामना संपला. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मला फुटबॉल म्हणजे 'चेंडू, कातडी, नग सहा' एवढाच माहीत होता. दुसऱ्या दिवशी खेळाचे सर एक मोठा पितळी कप घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "काका, हा जपून ठेवा."

मी ठेवला. संध्याकाळच्या आत, तळाशी जो काही जुना रंग होता त्यावरच क्रमांक घातला आणि रजिस्टरात लिहिलं: '४१७. चषक एक, पितळी, कान दोन, सुस्थितीत.'

यंदाचा हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात सर पुन्हा आले.

"काका, फायनलच्या दिवशी कप मैदानावर न्यायचा आहे."

"न्या. सही करून न्या, संध्याकाळी परत आणा."

"परत कसा आणणार? जो जिंकेल तो घेऊन जाईल."

"कोण घेऊन जाईल?"

"जिंकणारं कॉलेज. फिरता चषक आहे तो."

मी चष्मा काढून ठेवला. "सर, माझ्याकडे वस्तू फिरत नाहीत. हा चारशे सतरा आहे."

सरांनी कप उलटा करून पाहिला. मग रजिस्टर पाहिलं. "तुम्ही हा रजिस्टरात चढवलात?"

"मग काय डोक्यावर चढवू? 'जपून ठेवा' कोण म्हणालं होतं?"

त्यावर हा माणूस हसला. हसला! एकतीस वर्षांचं रजिस्टर बुडायला आलं होतं आणि हा गळ्यातली शिट्टी कुरवाळत हसत होता. मी तडक प्राचार्यबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, ही नोंद कमी करायची आहे. त्या म्हणाल्या, खोडून टाका की. माझ्या रजिस्टरात एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही आणि बाई म्हणतात, खोडून टाका!

"मग निर्लेखन करा," त्या म्हणाल्या.

निर्लेखन म्हणजे वस्तूचं नाव रीतसर काढून टाकणं. त्यासाठी वस्तू मोडलेली, झिजलेली किंवा हरवलेली असावी लागते. मोडली तर तिघांनी तुकडे बघायचे. झिजली म्हणायला दहा वर्षं व्हावी लागतात. हरवली तर पोलिसांत तक्रार. कप तर माझ्यासमोर दोन्ही कान टवकारून उभा.

"बाई, असले नियम केले तरी कुणी?"

"तुम्हीच लिहून आणले होते. मी नुसती सही केली."

त्या दुपारी मी भांडाराचं दार आतून लावलं आणि हातोडा काढला. भांडार क्रमांक अठ्ठ्याऐंशी. कप टेबलावर आडवा ठेवला, हातोडा उचलला. तेवढ्यात लक्षात आलं की कपाचा डावा कान जरा ढिला आहे. हातोडा खाली ठेवला, पेचकस आणला, स्क्रू आवळला, कप फडक्याने पुसून पुन्हा कपाटात ठेवला. एकतीस वर्षं वस्तू जपणाऱ्या माणसाकडून एकाएकी मोडतोड होत नाही. माझा नाइलाज होता.

आता राहिला एकच मार्ग. आमच्या संघाने पुन्हा जिंकायचं.

संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर गेलो. अकरा पोरं एका चेंडूमागे धावत होती. त्याला चेंडू म्हणायचं ते केवळ तो घरंगळत होता म्हणून. चार ठिकाणी ठिगळं, एका बाजूला फुगवटा. उजवीकडे मारला तर विचार करून डावीकडे जायचा. संघाचा कप्तान एक लांबलचक मुलगा होता, त्याला सगळे शिडी म्हणत. मी त्याला बोलावलं.

"हा चेंडू कुठला?"

"तुम्हीच दिलेला, काका."

"मी? असला?"

"दिला तेव्हा एकच ठिगळ होतं."

"अरे, मग नवा का नाही मागितला?"

"दर वर्षी मागतो. तुम्ही म्हणता, नवे खराब होतील."

खरं होतं. पाच नवे कोरे चेंडू माझ्या कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेले होते. अकरा वर्षांत एकालाही ओरखडा नव्हता. जाळ्या होत्या, घडी न मोडलेल्या. बूट होते, पंधरा जोड, नाड्यासुद्धा न ओवलेले. गेलं वर्ष सोडलं तर संघ दर वर्षी तळाला का असायचा, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि माझा फार संताप झाला. कुणावर, ते मी त्या वेळी ठरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. सगळं बाहेर काढलं. नवे चेंडू दिले, जाळ्या दिल्या, बूट दिले. बूट अर्थातच क्रमाने दिले. वस्तू क्रमांकाच्या क्रमानेच द्यायची असते, ज्याला जो आवडेल तो घ्यायला ते काही दुकान नव्हे. आता त्यात शिडीला सात नंबरचे आले आणि संघातल्या सगळ्यात बुटक्या पोराला दहाचे, हा माझा दोष म्हणता येणार नाही.

पहिला सामना आम्ही पाच गोलांनी हरलो. अर्धा संघ लंगडत होता. बुटक्याने एकदा जोरात लाथ घातली तेव्हा बूट जाळ्यात गेला आणि चेंडू होता तिथेच राहिला. रेफरीने गोल दिला नाही. मी लेखी तक्रार केली. कॉलेजची नोंदवलेली मालमत्ता जाळ्यात गेली होती, याची दखल घ्यायला हवी होती की नको? त्या रेफरीने माझा कागद खिशात घातला आणि नंतर त्याच कागदाने शिट्टी पुसताना मी त्याला डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या सामन्याआधी पोरांनी आपसांत बूट बदलून घेतले. सहीशिवाय! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तो सामना एक-एक असा सुटला.

एव्हाना मला खेळातली खोट दिसायला लागली होती. चेंडू जिथे, तिथे अकराच्या अकरा. बाकीचं मैदान ओस. खेळाचे सर बाहेरून घसा फोडून ओरडत, "जागा सोडू नका रे, जागा सोडू नका." पोरं ऐकत नव्हती.

"सर," मी विचारलं, "त्यांनी जागेची सही केली आहे का?"

"जागेची सही?"

"मग ते कशाला सांभाळतील?"

सर आभाळाकडे बघत राहिले. मी मात्र दुसऱ्या दिवशी चुना आणि मोजपट्टी घेऊन मैदानावर गेलो, सगळ्या मैदानाचे भाग पाडले आणि नवं रजिस्टर उघडलं. शिडी बचावाला डावीकडे खेळायचा. त्याच्या नावावर लिहिलं: 'मैदान, मागचा डावा भाग, गवतासह, एक.' गोलकीपरच्या नावावर: 'चौकट एक, जाळीसह, रिकामी. रिकामीच परत करणे.' बुटका पुढे खेळायचा, त्याच्या नावावर समोरच्यांची चौकट चढवली, 'वापरासाठी' म्हणून. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

"काका, चेंडू माझ्या भागातून पुढे गेला तर?" शिडीने विचारलं.

"तर तो तुझ्या नावावर तूट."

पोरं गंभीर झाली. का, ते सांगतो. माझ्या सहीशिवाय या कॉलेजातून कुणाला दाखला मिळत नाही. एका परीक्षानळीपायी तीन वर्षं खेटे घातलेला माणूस त्यांनी पाहिलेला होता. तो आज दुसऱ्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा विभागप्रमुख आहे आणि मला बघून अजून रस्ता बदलतो.

तिसरा सामना आम्ही जिंकलो, एक-शून्य. पोरं आपापल्या जागेवर अशी उभी की समोरच्यांना कळेना, यांच्यामधून जायचं कसं. चौथा जिंकलो, पुन्हा एक-शून्य. पाचवा दोन-शून्य. बुटक्याने चौकट खरोखर वापरायला घेतली होती. सहा संघांत आमचा दुसरा नंबर आला आणि आम्ही थेट फायनलला!

खेळाच्या सरांनी यावर आनंदित व्हावं की नाही? ते मलाच म्हणाले, "काका, याला फुटबॉल म्हणत नाहीत, गोदाम म्हणतात."

"गोदामातून कधी काही गेलेलं ऐकलंय?" मी विचारलं.

घरी बायको आता रोज चौकशी करायला लागली होती. फुटबॉलची नव्हे, माझीच.

"जिंकलात तर स्टुलाचं बोलणं बंद होणार का?"

"बंद कशाला? शेवटचं पान भिंतीवर लावणार आहे. चौकटीत."

"आणि हरलात तर?"

"आमच्या चौकटीत तीन सामन्यांत चेंडू गेलेला नाही."

"मी येते मग फायनलला," ती म्हणाली. मला तिच्या आवाजात जरा जास्तच उत्साह वाटला.

फायनल टेकडीवरच्या कॉलेजशी होती. गेल्या वर्षी ज्यांच्या पोराने आपल्याच जाळ्यात चेंडू मारला, तेच हे. मैदानाच्या डाव्या कडेला टेबल, टेबलावर पांढरं कापड, कापडावर चारशे सतरा. शेजारी मी, काखेत रजिस्टर. बायको मागे खुर्चीवर बसली होती. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. आमची पोरं जागेवर खिळलेली. पण त्यांचीही पोरं तशीच जागेवर खिळलेली होती! मला ते खटकलं. हा प्रकार आपल्याशिवाय कुणाला सुचला?

मग त्यांच्या बाजूला एक काटकुळा माणूस दिसला. नाकावर चष्मा, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी जाड. त्यांच्या प्रशिक्षकापेक्षा तोच जास्त ओरडत होता. "चौकट सांभाळ रे, चौकट. सही केलीयस तू."

दुसरा अर्धा सुरू झाला आणि शेवटची दहा-बारा मिनिटं उरली असताना तो मैदानाला वळसा घालून आमच्या टेबलापाशी आला. विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ कप उचलून उलटा केला.

"खाली ठेवा," मी म्हणालो. "सहीशिवाय हात लावायचा नाही."

"एक मिनिट."

"एक सेकंदसुद्धा नाही. ती आमची वस्तू आहे. तळाशी क्रमांक बघा. माझ्या हातचा."

"बघितला. त्याच्या खालचा बघायचा आहे." असं म्हणून त्याने खिशातून किल्ली काढली आणि माझा पांढरा चारशे सतरा खरवडायला सुरुवात केली. माझ्या अंगावर कुणी किल्ली फिरवावी तसं मला झालं. पण पांढऱ्याखालून हिरवा रंग निघाला. अकराशे बासष्ट.

"हा माझा," तो म्हणाला. "टेकडीवरच्या कॉलेजचा भांडारपाल मी. तीन वर्षांपूर्वी चढवलेला आहे. गेल्या वर्षी तुम्ही घेऊन गेलात, तेव्हापासून माझ्याकडे तूट आहे. साऱ्यांना सांगतोय, पॉलिशला दिलाय. वर्षभर कुठे पॉलिश चालतं का? महिन्याभरात तपासणी आहे माझी."

आता एखाद्या समंजस माणसाला या क्षणी दया आली असती. मला राग आला. मी माझी किल्ली काढली आणि त्याचा हिरवा खरवडला. खाली पिवळा निघाला. हा तिसराच कुठला तरी क्रमांक होता.

"तुमचा तरी कुठे पहिला आहे?" मी म्हणालो. "द्या इकडे."

"तुम्ही सोडा."

"सही दाखवा, मग सोडतो."

"तुम्ही दाखवा आधी."

उजवा कान त्याच्या हातात, डावा माझ्या. डावा मी स्वतः आवळलेला होता, त्यामुळे तो काही निघत नव्हता. टेबल कलंडलं. पांढरं कापड आमच्या पायांत आलं. मागून बायको "अहो, अहो" करत होती. आणि तेवढ्यात कुणीतरी दोन लांब हात आमच्या मध्ये घातले.

"काका, सोडा. पडाल. लोक बघतायत."

मी वर पाहिलं. शिडी! दहा पावलांवर डाव्या बाजूला उभा असलेला शिडी, टेबलाशी आला होता.

"तू इथे काय करतोयस? तुझी जागा?"

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून मोठा गलका झाला. मागच्या डाव्या भागातून, गवतासह, त्यांचा एक पोरगा चेंडू घेऊन सरळ आत गेला होता. आमची रिकामी चौकट रिकामी राहिली नाही. आम्ही एक-शून्य हरलो आणि चारशे सतरा टेकडीवर गेला.

मी शिडीला सगळ्यांदेखत झाडलं. सही केलेली जागा! गवतासह! अशी सोडून देतात?

"तुम्ही पडला असता, काका," तो म्हणाला.

"पडलो असतो तर पडलो असतो. मी रजिस्टरात नाही."

तो बाहीने तोंड पुसत उभा राहिला. बायकोने मागून माझा सदरा ओढला आणि हळूच म्हणाली, "पुरे आता. पोर रडवेलं झालंय." तेव्हा मी गप्प झालो. सबंध हंगामात दुसऱ्यासाठी आपली जागा सोडणारा तेवढाच एक निघाला आणि तो नेमका माझ्यासाठी, हे मला पुढे दोन दिवस फार लागून राहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते टेकडीवाले भांडारपाल माझ्या भांडारात आले. हातात पिशवी, पिशवीत कप. बसले, इकडेतिकडे बघितलं.

"किल्ल्या लांबीप्रमाणे लावता?"

"हो."

"मी जाडीप्रमाणे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस भला होता. शिवाय त्याच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं होती, एक लिहायला आणि एक, पहिलं हरवलं तर. असा माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नव्हता.

"तुमची तपासणी कधी?" त्यांनी विचारलं.

"वर्षाच्या शेवटच्या दिवशी."

"माझी त्याच्या आठ दिवस आधी. माझी झाली की शेवटच्या दिवशी अकराच्या ठोक्याला मी कप घेऊन तुमच्याकडे हजर. तुमची समिती उठली की परत नेईन. दोन्ही रजिस्टरं बरोबर."

माझे डोळे भरून आले. चहा मागवला. त्यांच्यासमोरच ब्रश काढला, कपाच्या तळाशी त्यांच्या खरवडलेल्या हिरव्याच्या शेजारी पांढऱ्या रंगात नवा कोरा चारशे सतरा घातला. ते बघत होते. बघता बघता त्यांचा जबडा जरा आवळला.

"पितळेवर पांढरा टिकत नाही," ते म्हणाले.

माणूस चांगला होता, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

शेवटचा दिवस उजाडला. समितीत प्राचार्यबाई, भौतिकशास्त्राचे एक पेंगुळलेले प्राध्यापक आणि माझी सहायक. उद्यापासून भांडार तिच्या ताब्यात जाणार होतं. नऊ वर्षं मी तिला तयार केली होती. तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वस्तू बघायची नाही, क्रमांक बघायचा. वस्तू कुणीही आणून ठेवील, क्रमांक खोटं बोलत नाही." मुलगी हुशार. एकदा सांगितलेलं कधी विसरली नाही.

अकराच्या ठोक्याला टेकडीवाले आले. पिशवी माझ्या हातात दिली आणि दाराशीच उभे राहिले. आत या म्हटलं, आले नाहीत. तपासणी सुरू होती. बाकं बरोबर, खुर्च्या बरोबर, परीक्षानळ्या बरोबर. बाईंनी आपला डबा दाखवला. चेंडू, जाळ्या, बूट, सगळं बरोबर.

"चारशे सतरा," सहायक म्हणाली.

मी कप टेबलावर ठेवला. जरा जोरातच ठेवला, दिमाख म्हणून. तिने तो उलटा केला.

"सर, हा अकराशे बासष्ट आहे."

मी वाकून पाहिलं. तळाशी एकच क्रमांक होता, ठसठशीत हिरव्या रंगात. माझ्या पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही. बोट लावलं तर अंगठ्याला रंग लागला. अजून ओला होता!

मी दाराकडे पाहिलं. टेकडीवाले खाली बघत होते. त्यांच्या नखाशी हिरवं दिसत होतं.

"सकाळी कपाटातून काढला," ते पुटपुटले. "एका वस्तूवर दोन दोन क्रमांक. बघवेना हो. हात आपोआप गेला."

मी तोंड उघडलं. त्या माणसाला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी बोलायचं होतं. पण मला त्याच्या जागी मी दिसलो, माझं कपाट दिसलं, माझ्या कपाटात दुसऱ्याचा हिरवा क्रमांक असलेली वस्तू दिसली. संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबलो नसतो मी.

"चषक एक, पितळी, कान दोन," मी तिला म्हणालो. "वर्णन जुळतंय की."

"वस्तू बघायची नाही, क्रमांक बघायचा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत, सर."

आणि तिने माझ्या देखत, माझ्याच वळणाच्या अक्षरात, माझ्या शेवटच्या पानावर लिहिलं: 'चषक एक, तूट. चषक एक, अनोळखी, वाढ.' एका कपापायी दोन शेरे! प्राचार्यबाईंनी सही केली. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जागे झाले आणि त्यांनीही केली.

दुपारी निरोपसमारंभ झाला. भाषणं झाली, मी ऐकली नाहीत. जाताना जिन्यात शिडी भेटला. त्याच्या हातात जागांचं रजिस्टर होतं.

"काका, जागा परत करायची राहिली होती."

मी त्याच्याबरोबर मैदानावर गेलो. मागचा डावा भाग बघितला. गवत होतं. एका ठिकाणी थोडं उखडलं होतं, तिथून तो टेबलाकडे धावत निघाला होता. 'सुस्थितीत परत' असं लिहिलं आणि सही केली. त्यानंतर बराच वेळ मला चष्मा पुसावा लागला. मैदानावर धूळ फार असते.

घरी पोचलो तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हिरव्या अंगठ्याकडे.

"किती?" तिने विचारलं.

"एक तूट, एक वाढ."

"म्हणजे दोन."

"कप एकच आहे. त्या टेकडीच्या माणसाने—"

"माझ्या बाबांचं एकच होतं," ती म्हणाली.

ती हसली असती तर मी भांडलो असतो. माझी तयारी होती, वाक्यंसुद्धा जुळवलेली होती. ती हसली नाही. तिने कपात चहा ओतला, ओट्याखालच्या डब्यांमागून एक लाकडी स्टूल ओढलं, पदराने पुसून माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "बसा."

बसण्याआधी मी ते उलटं करून पाहिलं.